ग्रीक शिलालेखांचा डेटाबेस: चौकटी कंसातला शब्द मोजायचा की सोडायचा?

पासबुक (धागाकर्ती)

मंडळी, प्रश्न लांबट आहे, चहा घेऊन बसा.

मी बँकेतून निवृत्त झालेली बाई. तीस वर्षं दुसऱ्यांचे आकडे जुळवले, ग्रीकशी संबंध मात्र गेल्या दोन वर्षांतला. सुरुवात कार्ल्याच्या लेण्यात झाली. तळेगावला राहते, त्यामुळे पाहुणे आले की आधी एकवीरा आणि मग लेणं हे ठरलेलं. तिथल्या एका खांबावर 'धेनुकाकटा यवनस सिहधयान थंभो दानं' असं कोरलंय, म्हणजे धेनुकाकटच्या यवनाने दिलेला खांब, हे एका अभ्यासवर्गात कळलं. यवन म्हणजे ग्रीक, तर ग्रीकांचे त्यांच्या स्वतःच्या भाषेतले लेख कसे असतात, एवढंच बघायचं होतं. बघता बघता पॅकार्ड ह्युमॅनिटीज इन्स्टिट्यूटच्या डेटाबेसवर जाऊन पोचले. दोन लाखांहून जास्त लेख, फुकट. फोटो नाही, भाषांतर नाही. वरती एक त्रोटक ओळ आणि खाली नुसता ग्रीक मजकूर. पहिल्या दिवशी वाटलं, चुकून कुणाच्या तरी लेजरमध्ये शिरलो. दुसऱ्या दिवसापासून आवडायला लागलं, कारण लेजर मला वाचता येतं.

तर माझा उद्योग असा. कंदाहारला अशोकाचा ग्रीक आणि अरमाइक अशा दोन भाषांतला लेख १९५८ मध्ये सापडला. त्यात 'धम्म'साठी ग्रीक शब्द वापरलाय 'एउसेबेइया'. मला बघायचं होतं की खुद्द ग्रीक लोक हा शब्द दगडावर कुठे, कधी, कुणाबद्दल कोरत होते. डेटाबेसमध्ये शब्द टाकला, जे आलं ते एक्सेलमध्ये उतरवलं, प्रांतवार आणि शतकवार रकाने केले. पावसाळाभर हेच काम. अथेन्सच्या आजूबाजूचा प्रांत, अत्तिका, सगळ्यांत पुढे निघाला. एक छानसा तक्ता तयार झाला आणि मी तो अभ्यासवर्गात दाखवूनही टाकला.

आणि मग परवा दुसऱ्याच कामासाठी एक नोंद नीट वाचत होते तर लक्षात आलं की तिथे 'एउसेबेइया' हा अख्खा शब्द चौकटी कंसात आहे. दुसरी उघडली, तिथे अर्धा कंसात. तिसरीत फक्त शेवटची दोन अक्षरं बाहेर. म्हणजे मी जे मोजलं त्यातलं दगडावर किती आणि कुणाच्या डोक्यातलं किती? बँकेत असते तर या तक्त्यावर सही केली नसती.

आणखी दोन बारक्या शंका. वरच्या ओळीत '४१८/७ अ.' असं साल असतं, त्यातली तिरकी रेघ कशाची? आणि अथेन्सची सभा म्हणजे 'बूले', हा शब्द शोधला तर पाचव्या शतकातले लेख जवळजवळ येतच नाहीत. त्या काळात तर सभा रोज भरत होती म्हणतात!

उलटा_ठसा

पासबुकताई, तुम्ही सही केली नसती हे वाचून बरं वाटलं. मी चार वर्षं युरोपात एका विद्यापीठात ग्रीक लेखांच्या एक्सएमएल फायली भरण्याचं काम केलंय. तिथे नवीन आलेल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात हीच ठेच लागायची. मला तर तिसऱ्या महिन्यात लागली.

आधी सोप्या शंका. 'अ.' म्हणजे लॅटिन 'आन्ते', इसवी सनापूर्वी. अथेन्सचं वर्ष उन्हाळ्यात सुरू व्हायचं, म्हणून एक ग्रीक वर्ष आपल्या दोन सालांवर पसरतं. आपलं आर्थिक वर्ष २०२३-२४ लिहितो तसंच. वर्षाला नाव असायचं ते त्या साली निवडलेल्या आर्खोन या अधिकाऱ्याचं.

'बूले' सापडत नाही कारण तुम्ही नवीन शुद्धलेखनात शोधताय. इ.स.पू. ४०३/२ पर्यंत अथेन्सच्या सरकारी लेखांत जुनी वर्णमाला चालायची. ऱ्हस्व-दीर्घ 'ए' आणि 'ओ' यांना वेगळी अक्षरं नव्हती, 'क्स'ला स्वतंत्र अक्षर नव्हतं. त्यामुळे 'सभेने ठरवलं' हे पुढे 'एदोक्सेन तेइ बूलेइ' असं दिसतं, तर आधी त्याच जागी 'एदोख्सेन तेइ बोलेइ'. 'बोले' शोधा, भरभरून येतील. १९६२ च्या नियमांआधीचं मराठी पुस्तक स्कॅन करून त्यात 'नाव' शोधलं तर 'नांव' निसटतं, तसंच हे.

आता कंस. ही खूणपद्धत १९३१ मध्ये लायडनला ठरली, म्हणून तिला लायडन पद्धत म्हणतात. चौकटी कंस: इथे दगड फुटलाय किंवा झिजलाय, आतला मजकूर संपादकाने भरलाय. कंसात नुसते ठिपके: इतकी अक्षरं गेलीत, भरायची हिंमत नाही. अक्षराखाली ठिपका: थोडा अवशेष दिसतो, खात्री नाही. गोल कंस: कोरणाऱ्याने संक्षेप केला होता, तो आम्ही सोडवला. दुहेरी चौकटी कंस सगळ्यांत मजेदार, तिथे प्राचीन काळीच कुणीतरी छिन्नी घेऊन मुद्दाम खोडलंय. इ.स.पू. २०० मध्ये अथेन्सचं मॅसिडोनियाशी बिनसलं तेव्हा तिथल्या राजांची नावं जुन्या लेखांतून अशीच खरवडली गेली.

तुमचाच कंदाहारचा लेख घ्या. त्याची सुरुवात नागरीत लिहितो: 'देका एतोन प्लेरे[....]ओन बासि[ल]एउस पिओदास्सेस'. दहा वर्षं पूर्ण झाल्यावर राजा प्रियदर्शीने... काही आवृत्त्यांत ते चार ठिपके तसेच ठेवलेत, काहींत तिथे 'थेन्त' भरलंय, 'प्लेरे[थेन्त]ओन'. चार जागा, चार ग्रीक अक्षरं, व्याकरण बसतं, अर्थही बसतो. तरी दगडावर ती चार अक्षरं आज नाहीत. डेटाबेस यातली एकच आवृत्ती घेतो. शोधणाऱ्या यंत्राला कंसाचं सोयरसुतक नसतं, ते कंस ओलांडून शब्द जुळवतं. म्हणून तुमच्या तक्त्यात दोन्ही एकाच वजनाने आले.

मग संपादक भरतो कशाच्या जोरावर? इथे तुमच्या अत्तिकेची गोम आहे. अथेन्सचे ठराव म्हणजे ठरलेला मायना. आपल्याकडे मोडी पत्राचा कोपरा फाटला असेल आणि 'राजमान्य रा' एवढंच उरलं असेल तर पुढे 'जश्री' लिहायला कुणी कचरत नाही. तसंच तिथे एखाद्या पुजाऱ्याला मुकुट देण्याचा ठराव असला की 'एउसेबेइयास हेनेका तेस प्रोस तूस थेऊस', देवांवरच्या भक्तीबद्दल, हा तुकडा येतोच. सुरुवातीची चार अक्षरं दिसली की बाकी संपादक भरतो. त्यात अथेन्सचे बरेच लेख 'स्टॉइखेदोन' पद्धतीचे, म्हणजे गणिताच्या चौकटीच्या वहीत लिहिल्यासारखे, एका घरात एक अक्षर, वरखाली रांगेत. तुमच्या त्रोटक ओळीत 'स्टॉइख.' आणि पुढे आकडा असतो तो ओळीतल्या घरांचा. त्यामुळे किती अक्षरं गेली ते नेमकं मोजता येतं आणि मायना बसवायला हुरूप येतो. पण असा भरलेला मायना पुन्हा मोजून 'अत्तिकेत हा शब्द फार' म्हणायचं, तर संपादकाने आपल्याच खिशातून टाकलेले पैसे जमेला धरल्यासारखं होतं. एर्न्स्ट बेडियन या इतिहासकाराने १९८९ मध्ये याच दुखण्यावर लेख लिहिला. 'चौकटी कंसांतून इतिहास' असंच शीर्षक, आणि स्वर बराच तिखट.

मायना भरणं एक वेळ चालेल. खरी पंचाईत नावांची. अथेन्सने सिसिलीतल्या एगेस्ता शहराशी केलेल्या कराराचा एक दगड आहे. त्यावर आर्खोनचं नाव झिजलंय, शेवटचं 'ओन' तेवढं धड. 'हाब्रोन' भरलं तर साल ४५८/७. 'अरिस्तोन' भरलं तर ४५४/३. 'अन्तिफोन' भरलं तर ४१८/७. एका कंसाने चाळीस वर्षं सरकतात, आणि ती साधीसुधी चाळीस नव्हेत. ४१५ मध्ये अथेन्सने सिसिलीवर आरमार पाठवलं आणि स्वतःचा सत्यानाश करून घेतला. हा करार त्याच्या तीनच वर्षं आधीचा की एक पिढी आधीचा, यावर सगळी गोष्ट बदलते. जुन्या मंडळींचं म्हणणं, यातला सिग्मा, म्हणजे ग्रीक 'स', तीन रेघांचा आहे आणि तसा सिग्मा इ.स.पू. ४४६ च्या सुमारास बंद झाला, म्हणून लेख जुना. हॅरल्ड मॅटिंग्ली हे इतिहासकार १९६१ पासून एकटे ओरडत राहिले की अक्षराच्या वळणावर एवढा भरवसा ठेवू नका. १९९० मध्ये लेझर वापरून दगडाच्या प्रतिमा घेतल्या आणि 'अन्तिफोन' वाचलं गेलं. त्यावरही भांडणं झाली, पण आज बहुतेक जण ४१८/७ मानतात.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचं माझं उत्तर. मोजा, पण तीन रकाने करा: पूर्ण दगडावर, अर्धा, पूर्ण कंसात. तिसरा रकाना बेरजेत धरू नका. फेकूनही देऊ नका, संपादक काय गृहीत धरतात ते त्यातून कळतं.

जाता जाता माझी फजिती. ग्रीक लेखांचे ठसे आपल्यासारखे शाईचे नसतात. ओला जाड गाळण-कागद दगडावर ठेवून ब्रशने ठोकतात, वाळला की अक्षरं कागदात उठतात. मागच्या बाजूने बघितलं तर ती उलटी आणि उठावदार दिसतात, माझं इथलं नाव तिथूनच आलंय. मी असाच एक ठसा तीन तास तिरप्या दिव्याखाली बघून एक नवा 'इओटा', म्हणजे ग्रीक 'इ'ची उभी रेघ, शोधला होता. आमच्या बाईंनी कागद हातात घेतला, बोटाने सरळ केला, इओटा गेला. घडी होती.

नाणेवाला_भाऊ

वाचनखूण साठवली. फक्त कार्ल्याबद्दल एक दुरुस्ती टाकतो, नाहीतर लोक उद्या तिथे ग्रीक अक्षरं शोधत फिरतील. खांबांवरचे यवनांचे लेख ग्रीक नाहीत. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. जुन्नरलाही यवनांची दानं आहेत, नाशिकला दत्तामित्री गावच्या योनकाने (म्हणजे यवनानेच), इंद्राग्निदत्ताने लेणं दिलंय, तेही तसंच. नाव पाहा की, इंद्राग्निदत्त, आणि बापाचं नाव धम्मदेव! हे लोक ग्रीक डेटाबेसमध्ये कधीच दिसणार नाहीत, कारण डेटाबेस भाषेवर चालतो, माणसावर नाही.

महाराष्ट्रात ग्रीक अक्षरं हातात धरून बघायची असतील तर नहपान या शक क्षत्रपाची चांदीची नाणी बघा. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये तेरा हजारांवर नाणी एका ठिकाणी सापडली, त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. पुढच्या बाजूला नहपानाचं डोकं, भोवती ग्रीक अक्षरं. अक्षरं ग्रीक पण शब्द प्राकृत, आणि कोरणाऱ्याला ग्रीक येत नव्हतं हे स्पष्ट दिसतं. माझ्याकडे एक आहे, बायको त्याला 'तुमचा तो नाकवाला' म्हणते.

आणि अशोक म्हणाल तर कंदाहारला जाण्याआधी आपलं सोपारा आहे. भगवानलाल इंद्रजींना १८८२ मध्ये तिथे अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा (खडकावर कोरलेल्या आज्ञेचा) तुकडा मिळाला, नवव्याचा १९५६ मध्ये. कंदाहारचा दुसरा ग्रीक लेख, तिथल्या बाजारात एका जर्मन डॉक्टरने घेतलेला दगड, त्यात बाराव्याचा शेवट आणि तेराव्याची सुरुवात आहे. म्हणजे शिलाशासनांची तीच मालिका, एक टोक वसईजवळ आणि दुसरं ग्रीकमध्ये.

पायथन_पाटील

एवढं हाताने कशाला? इथाका नावाचं एआय मॉडेल आहे ना, गेलेली अक्षरं तेच भरतं. डेटा उतरवा, मॉडेल चालवा, एका वीकेंडचं काम आहे.

उलटा_ठसा

पाटील, इथाका मला आवडतं, म्हणून थोडं सावधपणे सांगतो. गूगलची एआय कंपनी डीपमाइंड आणि व्हेनिस, ऑक्सफर्ड, अथेन्सच्या अभ्यासकांनी मिळून ते केलं, २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये आलं. शिकवलं कशावर? ताईंच्या याच पॅकार्ड डेटाबेसमधल्या ७८ हजारांवर लेखांवर. गेलेली अक्षरं भरण्यात एकटं इथाका ६२ टक्के बरोबर, एकटे इतिहासकार २५ टक्के, आणि इथाका हाताशी घेतलेले इतिहासकार ७२ टक्के. तिसरा आकडा महत्त्वाचा. ते एक उत्तर देत नाही, शक्यतेच्या क्रमाने वीस पर्याय देतं, आणि त्यातला कुठला निवडायचा ते माणसाने बघायचं. वर सांगितलेल्या तीन रेघांच्या सिग्माच्या भांडणातले ठराव त्याला दिले तर सरासरी साल आलं इ.स.पू. ४२१. मॅटिंग्लींना बघायला मिळायला हवं होतं.

पण ताईंचा प्रश्न 'काय भरायचं' हा नाही, 'काय भरलेलं आहे' हा आहे. त्यासाठी मॉडेल नको, खुणा यंत्राला वाचता येतील अशा हव्यात. आम्ही फायली भरायचो त्या एपिडॉक पद्धतीच्या. तिथे कंस टाइप करत नाहीत. 'हे हरवलेलं, संपादकाने पुरवलेलं' अशी खूण त्या तुकड्याभोवती लावतात. मग 'पुरवलेलं वगळून शोध' असं संगणकाला सांगता येतं. सिसिलीच्या लेखांचा आय.सिसिली हा प्रकल्प तसाच आहे. अत्तिकेसाठी ॲटिक इन्स्क्रिप्शन्स ऑनलाइन बघा, तिथे इंग्रजी भाषांतरं आहेत, ताईंना कामी येतील. पॅकार्डचा मजकूर जुन्या पिढीचा, सीडीवर वाटला जायचा तेव्हापासूनचा, कंस त्यात नुसती चिन्हं आहेत. नावं ठेवत नाही. डेव्हिड डब्ल्यू. पॅकार्ड हे ह्यूलेट-पॅकार्डवाल्या पॅकार्डांचे चिरंजीव, शिकले ग्रीक-लॅटिन, आणि जुने ग्रंथ शोधायला इबिकस नावाचा संगणकच बनवून घेतला. असा मुलगा प्रत्येक उद्योगपतीला होवो.

आणखी एक, ताई. डेटाबेसमधलं वाचन जुनं असू शकतं. कुणी दगड पुन्हा बघून अक्षर सुधारलं की ते 'सप्लिमेंटुम एपिग्राफिकुम ग्रेकुम'मध्ये नोंदलं जातं, लोक एसईजी म्हणतात, १९२३ पासून निघतंय. ज्या नोंदीवर तुमचा मुद्दा उभा आहे, तेवढ्या तरी तिथे ताडून घ्या.

पासबुक

सगळ्यांचे आभार. चार दिवस गायब होते कारण तक्ता पुन्हा केला, तीन रकान्यांचा. अत्तिकेचा आकडा एवढा खाली आला की अभ्यासवर्गात पुन्हा उभं राहून माफी मागावी लागणार. मागते. एक्सेलची फाइल 'जुनी_चूक' या नावाने ठेवलीय, डिलीट केली नाही. बँकेची सवय, खोडायचं नाही, रेघ मारून वर लिहायचं.

उलटा_ठसा, तुम्ही त्या पुजाऱ्यांच्या मायन्यातलं 'प्रोस तूस थेऊस' सांगितलंत त्याचा उपयोग झाला. जिथे शब्द पूर्ण दगडावर आहे अशा नोंदी एकेक करून वाचल्या. अथेन्सच्या ठरावांत भक्ती देवांवरची, आणि त्याबद्दल मुकुट. कंदाहारच्या त्या पहिल्या लेखात देवांचा उल्लेखच नाही. राजाने 'एउसेबेइया' दाखवली, मग प्राणी मारणं थांबलं, राजाच्या शिकाऱ्यांनी आणि कोळ्यांनी आपलं काम सोडलं, लोक आईबापांचं आणि वडीलधाऱ्यांचं ऐकू लागले. शब्द तोच, माल वेगळा. हे माझ्या जुन्या तक्त्यात दिसणारच नव्हतं, कारण तिथे मी शब्द फक्त मोजला होता.

अथेन्सला एप्रिलमध्ये टूरबरोबर गेले होते तेव्हा राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयाला लागूनच, बाजूच्या तोसित्सा रस्त्यावर शिलालेखांचं वेगळं संग्रहालय आहे हे माहीत असूनही दहा मिनिटंच मिळाली. टूरवाल्याला मसाला चहाचं हॉटेल गाठायचं होतं. तेरा हजारांहून जास्त दगड आहेत म्हणे तिथे. मी पाहिले दारापासचे पाच-सहा. अक्षरं एवढी छोटी असतात हे स्क्रीनवर कळत नाही हो.

नाणेवाला_भाऊ, तुमचा नाकवाला बघायला आवडेल. मी कार्ल्याचा खांब दाखवेन, चढ मात्र तुम्हाला चढावा लागेल.

आता एक शेवटचं अडलंय. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला, त्या कंदाहारच्या ओळीत पुढे असं आहे: 'एउसेबेइया[न एद]ए[इ]क्सेन'. शब्द जवळजवळ अख्खा दगडावर, फक्त शेवटचा 'न' कंसात. याला पहिल्या रकान्यात टाकू की दुसऱ्या? सध्या सस्पेन्स अकाउंटला, म्हणजे निकाल लागेपर्यंत बाजूला, ठेवलाय.